तंबोऱ्याचा भोपळा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. माढा तालुक्यात गावोगाव सप्ताह बसतात आणि वीणेचे पहारे लागतात. एकाचा पहारा सरला की दुसरा पाया पडून वीणा आपल्या गळ्यात घेतो. रात्र असो, मध्यान्ह असो, तारा बोलत राहिल्या पाहिजेत. मैफलीत गवयाच्या मागे लागलेले तंबोरे म्हणजे या वीणेचे थोरले भाऊबंद. दोघांचे कूळ एकच, कडू भोपळ्याचे.

हे कूळ जुने आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे: एक दांडी, एक तार, एक तुंबा म्हणजे पोकळ भोपळा.   चार तारांचा, फक्त सूर धरून ठेवणारा तंबोरा मात्र सोळाव्या-सतराव्या शतकापासून चित्रांत आणि ग्रंथांत ठळकपणे दिसू लागतो.

महाराष्ट्रात तो मोठ्या प्रमाणावर घडू लागला मिरजेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटवर्धनांच्या या संस्थानात तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम आटत चालले होते. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन वाद्यांकडे वळले. पुढे घराण्याचे आडनावच सितारमेकर झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि सुराच्या बाबतीत कमालीचा काटेकोर असलेला गवई कारागिरांच्या दाराशी आला.

तरीही तंबोऱ्याचा निम्मा जन्म मिरजेबाहेर होतो, भीमाकाठी पंढरपूर-मंगळवेढा-बेगमपूर पट्ट्यात. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, म्हणून कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. फळ धरले की त्याची बैठक सांभाळावी लागते. एका अंगावर दबले तर घेर वाकडा होतो. तोडल्यावर ते महिनोन्‌महिने वाळते. कारागीर मग त्याला भिजवतो, वरचा भाग कापतो, गर आणि बिया काढतो, आकार सुटू नये म्हणून आतून काड्यांचा ताण देतो आणि पुन्हा वाळवतो. त्यावर तबली म्हणजे लाकडी झाकण बसते, वर तुणाच्या लाकडाची दांडी चढते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून जवारी काढली आणि तारेखाली दोरा सरकवला की एका सुरातून अनेक सूर उमलतात.

दांडी तासता येते, जवारी पुन्हा काढता येते. भोपळा मात्र वेलाने दिला तसाच घ्यावा लागतो. पुरुषी गळ्याच्या तंबोऱ्याला चार फुटांहून अधिक घेराचा लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला लहान चालतो. त्यामुळे भोपळ्यांच्या ढिगापुढे बसलेला कारागीर आधी निवड करतो, घडवतो नंतर. अवकाळी पावसात फळ कुजले की त्या वर्षीचे मोठे तंबोरेच कमी होतात.

माढा तालुक्यात भीमेवर उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. पाणी आले तसा ऊस आला आणि त्यामागून कारखाने आले. उसाला ठरलेले गिऱ्हाईक आहे. कडू भोपळा विकला गेला नाही तर घरात शिजवूनही खाता येत नाही. हा जुगार आता मोजकेच शेतकरी खेळतात.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते हक्काचे आहे. पण मानांकनाने बाजारातले नाव राखले जाते, वेल नाही. आपण घराण्यांच्या वंशावळी गुरू-शिष्यांपासून मोजतो; तंबोऱ्याची वंशावळ मोजायची तर बी राखणाऱ्या शेतकऱ्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्याला उसाच्या तोडीचा भाव द्यावा लागेल.