डास समजून मारलेली माशी : एका नावाचा इतिहास

१/ मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे, तालुका भिवंडी. एकीकडे गोदामांच्या रांगा, दुसरीकडे भातखाचरे. अशा गावात पावसाळी रात्री दिव्याच्या उजेडाने एखादा लांबलचक तंगड्यांचा कीटक भिंतीवर येऊन बसतो. ‘केवढा हा डास!’ म्हणत कुणीतरी चप्पल उचलतो. वास्तविक तो डास नसतोच.

२/ तो कीटक म्हणजे क्रेन फ्लाय. क्रौंच पक्ष्यासारखे लांब पाय, म्हणून हे इंग्रजी नाव. ती चावत नाही, रक्त पीत नाही. तिच्या बहुतेक जातींच्या अळ्या ओल्या मातीत, कुजत्या पाल्यात किंवा ओढ्याकाठी वाढतात. डासाशी तिचे नाते आहे, पण दूरचे.

३/ ओळखीचा हा गोंधळ केवळ सामान्यांचा नाही. १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी डासांसाठी ‘क्युलेक्स’ ही वेगळी प्रजाती केली. मात्र ‘टिपुला’ या प्रजातीत क्रेन फ्लायबरोबर पतंगासारख्या केसाळ, इवल्या माश्याही घातल्या. एकाच पेटीत परस्परांपासून अगदी भिन्न कीटक जमा झाले.

४/ ती पेटी उलगडण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले. फ्रेंच कीटकतज्ज्ञ लात्रेय यांनी १७९६ मध्ये केसाळ माश्यांसाठी ‘सायकोडा’ ही स्वतंत्र प्रजाती केली आणि १८०२ मध्ये क्रेन फ्लायच्या ‘टिपुलिडी’ कुलाला नाव दिले. सायकोडाच्या कुलातच पुढे वाळूमाशीचाही समावेश झाला.

५/ भारतात या कामाला गती दिली ती एका संगीतकाराने. एन्रिको ब्रुनेट्टी (१८६२–१९२७) पेशाने संगीतकार, छंदाने माश्यांचे अभ्यासक. कोलकात्यात राहून त्यांनी इंडियन म्युझियममधील संग्रह अभ्यासला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील क्रेन फ्लाय व तिच्या आप्तकुलांवरील त्यांचा खंड १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

६/ त्याआधी, १९०८ मध्ये, म्युझियमचे प्रमुख नेल्सन अनँडेल आणि ब्रुनेट्टी यांच्या नावे एका वाळूमाशीचे वर्णन छापले गेले : ‘फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस’, म्हणजे चंदेरी पायांची. तेव्हा ती संग्रहातील आणखी एक बारीक माशी होती, इतकेच.

७/ त्या काळी बंगाल-आसामात काळा आजार गावेच्या गावे ओस पाडत होता. रोगाचा परजीवी १९०३ मध्ये ज्ञात झाला. तो पसरतो कसा, हे कळेना. काही काळ संशय ढेकणांवर होता. १९२० च्या दशकात जॉन सिंटन यांनी दाखवले की काळ्या आजाराचा प्रदेश आणि चंदेरी पायांच्या माशीचा प्रदेश एकमेकांशी जुळतात.

८/ हा ताळा जमला, कारण त्या माशीला तोवर नाव मिळाले होते. नाव नसते तर तिचा नकाशा काढता आला नसता. अखेर १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही माशीच रोगवाहक असल्याचे सिद्ध केले. प्रयोगातील माश्या जगवल्या होत्या मनुकांच्या रसावर.

९/ महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू आढळला. त्याला गावाचेच नाव मिळाले. तो पसरवणारा मुख्य कीटक वाळूमाशीच मानला जातो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात या विषाणूने अनेक मुलांचा बळी घेतला.

१०/ निरुपद्रवी क्रेन फ्लायलाही तिचा इतिहासकार मिळाला. अमेरिकेतील चार्ल्स अलेक्झांडर (१८८९–१९८१) यांनी आयुष्यभरात तिच्या दहा हजारांहून अधिक जातींचे वर्णन केले. त्यांत भारतातील अनेक जाती आहेत. पत्नी मेबल या कामात त्यांच्या सहकारी होत्या.

११/ घातक माशी दाण्याएवढी, दिसतही नाही. निरुपद्रवी माशी मोठी, म्हणून मार खाते. वडप्याच्या भिंतीवरील पाहुणीची ओळख सोपी आहे : अतिशय लांब, सहज तुटणारे पाय, पाठीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच, आणि डासाची लांब सोंड नाही. एवढे पाहिले, की चप्पल खाली ठेवता येते.