दिसणारें पान आणि न दिसणारी आज्ञा

जुन्या दप्तरांतील पत्रें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांना 'मायना' हा शब्द परिचयाचा असेल. वडिलांस कसें लिहावें, बरोबरीच्यास कसें, सरकारांत कसें, याचे सांचे ठरलेले असत. हेमाद्रीच्या नांवावर प्रसिद्ध असलेलें मेस्तक अशाच नियमांचें. कारकुनानें सांचा घ्यावा व त्यांत मजकूर भरावा. हें काम संगणकाकडे गेलें तेव्हां वाद उत्पन्न झाला तो असा कीं, सांचा डोळ्यांना दिसावा, कीं आज्ञांनीं सांगावा?

आरंभ आज्ञांपासून झाला. १९६४ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत जेरोम सॉल्टझर यांनीं 'रनऑफ' ही आज्ञावली लिहिली. ओळीच्या आरंभीं टिंब देऊन हुकूम लिहावयाचा : ओळ मध्यभागीं घे, नवें पान धर. हुकूम बिनचूक पाळला जाई. मात्र कागद छापून हातीं येईपर्यंत पान कसें दिसणार हें लिहिणारास कळत नसे. याच्या अगदीं उलट वाट १९७४ मध्यें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत निघाली. बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांच्या 'ब्राव्हो'मध्यें जें पडद्यावर दिसे तेंच कागदावर उतरे. पडदाहि कागदासारखा उभा होता!

यानंतर आज्ञांचा पक्ष संपावयास हवा होता. तो संपला नाहीं, याचें श्रेय एका ग्रंथकाराच्या असमाधानास आहे. डोनल्ड कनूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघत होती. पहिली आवृत्ति धातूच्या खिळ्यांची, नवी छायाचित्रण-पद्धतीची. १९७७ मध्यें मुद्रितें हातीं आलीं, तीं त्यांना पाहवेनात. म्हणून त्यांनीं 'टेक' ही स्वतःचीच जुळणीची रीत रचावयास घेतली. काम लौकर आटोपेल अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. १९८० मध्यें ब्रायन रीड यांनीं 'स्क्राइब'मध्यें आणखी एक विचार मांडला : लेखकानें एवढेंच सांगावें कीं हें शीर्षक, हें अवतरण, त्यांचें रूप काय असावें हें निराळ्या ठिकाणीं लिहिलेलें असावें. लेझ्ली लॅम्पोर्ट यांच्या 'लाटेक'नेंहि हीच दृष्टि घेतली.

माझ्या मतें खरी तडजोड युटा प्रांतांतील 'वर्डपर्फेक्ट'नें साधली. एक कळ दाबली कीं पडद्याचे दोन भाग होत : वर मजकूर, खालीं त्यांत दडलेल्या आज्ञा. ठळक अक्षर नको तेथें पसरलें तर त्याची आज्ञा शोधून पुसावी. सारा गोंधळ डोळ्यांसमोर!

ही सोय नसली तर काय होतें, हें मीं शाळेंत पाहिलें आहे. दाखल्यांचा एक तयार सांचा आम्हीं विकत घेतला होता. चौकटी सुबक, परंतु आंतील रचनेस हात लावण्याची मुभा नाहीं. एका मुलाचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव मिळून चौकटींत मावेना. लिपिकानें मोकळ्या जागा घालून घालून तें बसविलें, तों अक्षरी जन्मतारीख दुसऱ्या पानावर गेली आणि तें पान छापावयाचें राहिलें. मुलाला प्रवेशाच्या खिडकीवरून परत पाठविलें. सही माझी होती.

विक्रेत्याचा माणूस आला. त्यानें चौकट रुंद करून दिली. पुढल्या वर्षीं त्याहून लांब आडनांव निघालें. आपल्या लिपीचीहि गोष्ट अशीच आहे : १९९१ मध्यें ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या फ्रान्स वेल्थुइस यांनीं टेकसाठीं देवनागरीची सोय केली, तींत मजकूर रोमन अक्षरांनीं लिहावयाचा व पान देवनागरींत निघावयाचें. जोडाक्षरें छान येत. पण लिहितांना आपली भाषा आपल्यालाच दिसत नसे. आमच्या लिपिकाला मीं ही रीत सांगून पाहिली. त्यानें हात जोडले, आणि त्या मुलाचा दाखला अखेर टांकानें लिहिला.