कीलहॉर्न आणि ‘महाभाष्या’तील दोन आवाज

संहितेचा अर्थ लावण्यापूर्वी ती कोणाची, हे ठरवावे लागते. मराठी समीक्षेत हे काम बहुधा संशोधकांवर सोपवले जाते व अर्थनिर्णयाशी त्याचा संबंध नाही असे मानले जाते. हे गृहीतक किती अपुरे आहे, ते फ्रान्ट्स कीलहॉर्न (१८४०–१९०८) यांच्या कार्यावरून दिसते.

ओस्नाब्रुक येथे जन्मलेले कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि १८८१ पर्यंत तेथे राहिले. जर्मन पाठचिकित्सेची शिस्त त्यांच्यापाशी होतीच. शास्त्राची परंपरा मात्र त्यांनी अनंतशास्त्री पेंढरकर यांच्याकडून आत्मसात केली. नागोजीभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे त्यांनी केलेले संपादन व भाषांतर या दुहेरी संस्काराची साक्ष देते.

पतंजलीच्या ‘महाभाष्या’त कात्यायनाची वार्तिके भाष्याच्या ओघातच मिसळलेली आहेत. ती वेगळी काढण्यासाठी कीलहॉर्न यांनी भाष्याच्या रीतीलाच निकष केले. पतंजली प्रथम वार्तिक देतो, मग त्यातील पदांची फोड करून आशय सांगतो. अशी फोड ज्या वाक्याची होते, ते सामान्यतः कात्यायनाचे. हा निकष ग्रंथावर बाहेरून लादलेला नव्हता. तो ग्रंथातूनच निघाला होता.

त्याचा परिणाम केवळ मुद्रणापुरता राहिला नाही. गोल्डस्ट्युकर यांनी १८६१ मध्ये कात्यायनाला पाणिनीचा दोषैकदृष्टी प्रतिस्पर्धी ठरवले होते. कीलहॉर्न यांनी १८७६ मध्ये दाखवून दिले की, वार्तिकांत आक्षेपाबरोबर समाधानही असते आणि कात्यायन अनेकदा पाणिनीचे समर्थनच करतो. कोणते वाक्य कोणाचे हे निश्चित होताच एका वैयाकरणाची प्रतिमा पालटली. १८८० ते १८८५ या काळात तीन खंडांत निघालेली त्यांची ‘महाभाष्या’ची आवृत्ती पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी सुधारली, अभ्यासक आजही तिच्याच पृष्ठ-ओळींचा निर्देश करतात.

हा प्रश्न मराठीला परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली ‘ज्ञानेश्वरी’ आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत यांपैकी कोणती हाती आहे, यावर शैलीविषयीची आपली विधाने अवलंबून असतात. ‘लेखकाचा मृत्यू’ हा सिद्धान्त मान्य केला तरी संहितेत किती आवाज आहेत, हे ऐकण्याची जबाबदारी टळत नाही. पाठचिकित्सा ही समीक्षेच्या अंगणाबाहेरची हमाली नव्हे. ती समीक्षेची पहिली पायरी आहे.