हवेतल्या कणांची चाळणी

कौलांतून कवडसा वर्गात उतरला की त्यात धूळ तरंगताना दिसते. त्या धुळीत काय काय आहे, आणि त्यातले छातीत किती खोल जाते, हे पाहायचे तर कण आधी पकडावे लागतात, मग आकारानुसार निवडावे लागतात.

पकडण्याचे काम लुई पाश्चरने १८६०च्या सुमारास पॅरिसमध्ये केले. गनकॉटनचा, म्हणजे नायट्रिक आम्लाने संस्कारित कापसाचा बोळा नळीत बसवून त्यातून त्याने हवा ओढली. बोळा अल्कोहोल व ईथरच्या मिश्रणात विरघळवला. खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात सूक्ष्मजीवांसारखे कण दिसले. पण लहानमोठे सारे एकत्रच!

निवड करण्याची युक्ती जडत्वात सापडली. धावती बस वळली की उभे प्रवासी बाजूला झुकतात. हवेचा झोत पट्टीवर आदळून वळतो तेव्हाही तसेच होते. हलके कण हवेबरोबर वळतात. जड कणांना वळता येत नाही, ते पट्टीला चिकटतात. तीच हवा पुढे अधिक अरुंद फटीतून नेली की तिचा वेग वाढतो आणि आणखी बारीक कण चिकटतात. इंग्लंडमधील पोर्टन येथील के. आर. मे यांनी अशा चार पायऱ्यांचे उपकरण १९४५ साली प्रसिद्ध केले.

१९५८ मध्ये अमेरिकेत अँडरसन यांनी पट्टीऐवजी पोषकद्रव्याच्या बशा ठेवल्या. एकाखाली एक सहा चकत्या, प्रत्येकीला ४०० छिद्रे. छिद्रांचा व्यास वरच्या चकतीत १.१८ मिलिमीटर, तळाच्या चकतीत ०.२५. मिनिटाला सुमारे २८ लिटर हवा आत जाई. वरच्या बशांत नाक-घशात अडकणारे, तर खालच्या बशांत फुप्फुसात खोल पोचणारे जिवंत जंतू वाढत. जणू माणसाच्या श्वसनमार्गाची प्रतिकृतीच!

आता हीच युक्ती बोटाएवढ्या चिपवरील सूक्ष्म वाहिन्यांत आली आहे. तिथे काही रचनांत पट्टीच नसते. बहुतेक हवा बाजूच्या फाट्यांत वळते, जड कण सरळ मधल्या वाहिनीत जातात. कण चिकटत नसल्याने पुढे त्यांची मोजणी करता येते. मात्र इतक्या बारीक वाटेने हवाही थोडीच जाते. विरळ जंतू त्या थोड्या हवेत नसले, तर उत्तम चिपही "हवा स्वच्छ" असेच सांगेल. किती हवा तपासली, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा.