ताडकळसच्या गंगूबाई

गंगूबाई अंबोरे यांना मी कधी पाहिलं नाही. जिंतूरहून त्यांचं ताडकळस काही फार लांब नाही; परभणी ओलांडून पूर्णा तालुक्यात शिरायचं. पण त्यांचा आवाज मला भेटला तो इंटरनेटवर, 1996च्या एप्रिलमधल्या ध्वनिमुद्रणात.

त्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात. रानात सीता रडतेय आणि तिची समजूत घालायला आहेत कोण, तर बोरी-बाभळी. (बोरी तर आमच्या तालुक्यातल्या एका गावाचंच नाव.) पोथीतलं रामायण असं आमच्या माळरानावर उतरलेलं मी दुसरीकडे ऐकलं नाही. गंगूबाई घाई करत नाहीत. ओळीचा शेवट लांबवतात, आणि त्या लांबलेल्या सुरात सीता कुठली आणि गाणारी कुठली, हे सांगता येत नाही.

हे गाणं किती जुनं? बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. जात्याशी जिचं नाव कायमचं जोडलं गेलं ती जनाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची. तेव्हापासून पिठाची गिरणी गावात येईपर्यंत हे संगीत बायकांच्या पाठांतरावर जगलं.

गिरणी आल्यावर मात्र पहाटेचं दळण संपलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या. संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल सोबत आल्यावर आवाजही टिपले गेले. आता तो ठेवा ‘पारी’च्या संग्रहात आहे.

अमेरिकेत 1933 साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन 315 पौंडांचं यंत्र मोटारीत घालून तुरुंगांतून लोकगीतं टिपत हिंडले. तिथे त्यांना लेडबेली भेटला. मोठं काम, पण पुढे लेडबेलीच्या गाण्याच्या श्रेयात जॉन लोमॅक्स यांचंही नाव लागलं. आपल्याकडच्या संग्रहात ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गावही आहे. मला तरी त्या लाखाच्या आकड्याहून हे मोठं वाटतं. जमवणाऱ्यांचे उपकार आहेतच, पण ओव्या राखल्या त्या गंगूबाईंसारख्यांनी, टेप यायच्या कितीतरी आधी.

आमच्याकडे जातं आता लग्नघरी हळद दळण्यापुरतं निघतं. दोन ओव्या होतात, मग पुढची कुणाला येते म्हणून बाया एकमेकींकडे बघतात.