ग्रंथप्रदर्शनातील गाळ्यांचे नियोजन

ग्रंथप्रदर्शनातील गाळ्यांचे नियोजन म्हणजे साहित्य संमेलनाच्या आवारात प्रकाशक, ग्रंथविक्रेते आणि स्वतःची पुस्तके विकणारे लेखक यांच्यासाठी जागा आखणे व तिचे वाटप करणे होय. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला जोडून असे प्रदर्शन भरते. गाळ्याचे भाडे, पुस्तकांची वाहतूक आणि माणसांचा निवास यांवरील खर्च विक्रेत्याला मोजक्या दिवसांत भरून काढावा लागतो. म्हणून गाळा कोठे मिळाला, यावर लहान प्रकाशकाचा नफा-तोटा ठरतो.

आखणी

गाळा साधारणतः दहा फूट लांब व तितकाच रुंद असतो. त्यात टेबले, खुर्च्या, दिवा आणि विजेची जोडणी दिली जाते. पुस्तके वजनदार असल्याने लग्नमंडपातील हलकी टेबले येथे उपयोगी पडत नाहीत. दोन बाजूंनी खुल्या असलेल्या कोपऱ्यावरच्या गाळ्याला अधिक मागणी असते. समोरासमोरच्या रांगांमधील वाट इतकी रुंद हवी, की दोन्हीकडे वाचक पुस्तके चाळत उभे असतानाही मधून ये-जा करता यावी. टोकाशी बंद होणारी रांग सर्वांत गैरसोयीची. वाचक तिच्या तोंडावरूनच परततो. मुख्य मंडपाकडे जाणारी वाट प्रदर्शनातून नेल्यास गर्दी सर्व रांगांत विभागते. मात्र कागद, कापड आणि विजेच्या तारा एकत्र येत असल्याने आपत्कालीन मार्ग वेगळे व मोकळे ठेवणे अनिवार्य ठरते. पुस्तकांचे गठ्ठे घेऊन येणारा टेम्पो गाळ्यांच्या मागील बाजूस पोहोचेल, अशी सोय आराखड्यातच करावी लागते.

वाटप

अर्जांच्या क्रमाने किंवा सोडत काढून गाळे दिले जातात. सोडतीत पक्षपाताचा आक्षेप कमी येतो. एकदोन पुस्तके घेऊन आलेल्या कवीला मात्र संपूर्ण गाळा परवडत नाही आणि तो भरतही नाही. मुंबईतील कॉमिक कॉनसारख्या चाहत्यांच्या मेळाव्यांत चित्रकारांना गाळ्याऐवजी एकेक टेबल मिळते. साहित्य संमेलनात हे एकक स्वीकारणे कठीण नाही.

अमळनेर, २०२४

खानदेशात अमळनेर येथे २ ते ४ फेब्रुवारी २०२४ या काळात ९७वे संमेलन भरले. अध्यक्ष रवींद्र शोभणे होते. प्रताप महाविद्यालयाच्या परिसरातील संमेलनस्थळास साने गुरुजींचे नाव देण्यात आले होते. त्याच सुमारास वासुदेव मुलाटे यांच्या अध्यक्षतेखाली १८वे विद्रोही साहित्य संमेलनही याच गावात झाले. वाचक असे दोन मंडपांत विभागले जातात, तेव्हा विक्रेत्याला माणसे व पुस्तके कोठे ठेवावीत हे आधीच ठरवावे लागते. जळगाव, नशिराबाद, भुसावळ या भागांतून येणारा वाचक बहुधा त्याच दिवशी परततो; त्याला प्रदर्शन शोधावे लागले, तर खरेदी राहून जाते.

स्थळाची निवड

आखणीने सर्वच प्रश्न सुटत नाहीत. २०१५ मध्ये पंजाबातील घुमान येथे ८८वे संमेलन ठरले, तेव्हा तेथे मराठी वाचक मिळणार नाहीत, या कारणास्तव मराठी प्रकाशकांकडून बहिष्काराची भूमिका घेतली गेली. संत नामदेवांच्या वास्तव्यामुळे त्या स्थळाचे महत्त्व मोठे होते; विक्रेत्यांचा हिशेब वेगळा होता.