अस्वल, शेत आणि रात्रीची लाईट



मागे रानडुकरांवर लिहिलं तेव्हा बुलढाण्याकडच्या एका शेतकरी मित्राचा निरोप आला, "तुमच्याकडे डुक्कर, आमच्याकडे अस्वल. त्याच्यावर पण लिहा की." आता आमचं बेलपाडा म्हणजे खारघरच्या डोंगराखालचं गाव. १९७० नंतर नवी मुंबईसाठी इथल्या जमिनी गेल्या, भातखाचरांवर इमारती आल्या आणि २०२३ पासून तर गावाच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालं. इथे अस्वल कुठलं? माझ्या पिढीला अस्वल ठाऊक ते दरवेशाचं. नाकात दोरी, गळ्यात घुंगरू. दारात नाचायचं आणि आया घाबरट पोरांसाठी त्याचा केस ताईतात घालायला मागून घ्यायच्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, तरी हा खेळ पुढे बरीच वर्षं चालला. २००९ च्या सुमाराला तो देशातून जवळपास संपला, आणि चांगलंच झालं.

पण शेतात येणारं मोकळं अस्वल पाहिलेली माणसं आमच्या पनवेल तालुक्यातच आहेत. कोयना धरणाचं पाणी १९६० नंतर चढू लागलं तेव्हा तिकडच्या कितीतरी कुटुंबांचं पुनर्वसन ठाणे-रायगड भागात झालं. तळोज्याकडच्या कोयनावेळे गावाच्या तर नावातच कोयना आहे. त्या खोऱ्यातल्या जुन्या माणसांशी शेतीवर बोलायला बसलं की नाचणी-वरीच्या गोष्टीत अस्वल हमखास येतं.

त्यांच्या सांगण्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अस्वलाला ते पिकाचा वैरी म्हणत नाहीत. डुक्कर एका रात्रीत वावर नांगरून ठेवतं, तसं अस्वल करत नाही. त्याचं खरं खाणं म्हणजे वाळवी, मुंग्या, मध, उंबर, जांभूळ, करवंद. बांधावरचं वारूळ फोडायला ते येणार, उंबराखाली येणार, फणस पिकला की वासावर येणार. तोंडाला लागलं तर मका, भुईमूगही खातं. पण येणार ते दिवस मावळल्यावर आणि जाणार उजाडायच्या आत. म्हणून राखणीला बसलेला माणूस माळ्यावर असायचा, खाली शेकोटी आणि मधूनमधून हाळी. हाळी द्यायची ती अस्वलाला मारायला नव्हे, "मी इथे आहे" हे कळवायला. सांज झाल्यावर एकट्याने उंबराच्या वाटेने जायचं नाही, हा नियम पोरांनाही पाठ असे.

म्हणजे जमीन एकच, पण वेळ वाटून घेतलेली. दिवस माणसाचा, रात्र जनावराची. ही वाटणी कुठल्या कागदावर नव्हती, पण पिढ्यान्‌पिढ्या चालली.

ती का चालली हे अस्वलाच्या स्वभावात आहे. आपल्याकडच्या अस्वलाची नजर कमजोर, कानही फार तिखट नाहीत. सगळा कारभार नाकावर. वारूळ उकरून वाळवी ओढून घेताना ते इतकं गुंग होतं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. आणि लागला की ते सहसा पळत नाही, अंगावर येतं. वाघाच्या रानात वाढलेलं जनावर आहे, झाडावर चढून बिबट्यापासूनही सुटका नाही, तेव्हा समोरच्याला घाबरवणं हाच त्याचा बचाव. माणसाला खाण्यासाठी ते हल्ला करत नाही. पण बोटभर लांब नख्या असतात आणि वार बहुतेक तोंडावर, डोक्यावर बसतो. माणूस वाचला तरी आयुष्यभराची खूण राहते.

गंमत म्हणजे १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने या नख्या आणि वरच्या जबड्यात नसलेले पुढचे दोन दात बघून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लटकणाऱ्या 'स्लॉथ' म्हणजे आळशी प्राण्याच्या कुळात टाकलं. चूक पुढे सुधारली, पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आपल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, ते दोन दात नाहीत म्हणून तर फटीतून वाळवी ओढता येते. आणि आळशी तर बिलकूल नाही, रात्रभर खणत असतं.

आता ही वाटणी कुठे मोडली ते बघू.

पहिली जागा मोहाखालची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. रात्री पडलेली फुलं पहाटे वेचायची, नाहीतर गुरं खातात, ऊन लागतं. अस्वलालाही तीच फुलं हवीत आणि तीच पहाट. बाई वाकून वेचतेय, अस्वल खाली मान घालून खातंय, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत ४८ माणसं गेली आणि ६८६ जखमी झाली, अशी नोंद आहे. ही माणसं शिकारीला गेलेली नव्हती. बहुतेक सगळी आपल्यासारखीच, शेताला, सरपणाला, मोहाला गेलेली.

दुसरी जागा आपल्या पंपाजवळची, आणि मित्राचा प्रश्न खरा तिथलाच आहे. बुलढाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालं, सुमारे २०५ चौरस किलोमीटर. अस्वलांसाठी ते नावाजलेलं आहे. चारही बाजूंना गावं आणि शेतं. इथेही पूर्वी जागलीला जाणारा माणूस मचाणावर, आगटीजवळ एका जागी बसायचा. मग शेतीपंपाला कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने वीज मिळू लागली. पाळी रात्रीची असेल तर गहू-हरभऱ्याला ओलीत करायला माणूस एकटा, हातात बॅटरी, अंधारात बांधाबांधाने फिरणार. मोटारीच्या आवाजात ना त्याला काही ऐकू येत, ना जनावराला. वर मोसम कोणता? डिसेंबर-जानेवारी. नेमकी याच दिवसांत अस्वलीण पिल्लं घालते. पुढे तीच पिल्लं पाठीवर घेऊन ती हिंडते, आणि पिल्लांची आई म्हटल्यावर आणखी सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की अस्वल वाढलं की जंगल घटलं हा वाद तज्ज्ञांनी करावा, पण शेतकऱ्याच्या बाजूने वेळेचा इतिहास आधी मांडला पाहिजे. पूर्वी रात्री आपण शेतात असलो तरी एका जागी, उंचावर, आवाज करत होतो. आता त्याच रात्री आपण चालत असतो, वाकलेले असतो आणि एकटे असतो. अस्वलाने आपली वेळ बदललेली नाही.

अस्वलाच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार २०२३ पासून घरच्यांना २५ लाख देतं. द्यायलाच हवेत. पण रानाकडेला असलेल्या फीडरला दिवसा थ्री फेज मिळाली तर ती वेळच कमी येईल. सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा वीज देण्याचं धोरण आहेच. त्यात अभयारण्यालगतची गावं आधी घ्या, एवढी मागणी ग्रामसभेच्या ठरावात घालायला काय हरकत आहे?

तोवर जुन्या माणसांचंच ऐकावं. रात्री दोघांनी जावं, बोलत जावं, काठी आपटत जावी. उंबर, बोर, वारूळ असलेल्या बांधाला अंधारात वळसा घालावा. मोहाला झुंजूमुंजू झाल्यावर, घोळक्याने जावं. झाडाखाली जाळी अंथरली तर फुलं मातीत पडत नाहीत आणि पहाटेची घाईही उरत नाही. पिल्लं दिसली तर फोटोच्या नादी न लागता आल्या पावली मागे फिरावं.

आमच्याकडे डोंगर उरला, शेत गेलं, त्यामुळे वाटून घ्यायला काही राहिलंच नाही. कोयनेत उलटं झालं. माणसं उठली, वावरात रान माजलं आणि १९८५ साली तिथे अभयारण्य झालं. बुलढाण्यात अजून दोन्ही आहेत, शेतही आणि अस्वलही. तिथल्या मंडळींनी आपल्या गावची जागलीची पद्धत म्हाताऱ्यांकडून विचारून लिहून ठेवावी. ती माणसं आहेत तोवरच ते मिळणार आहे.